पाठीवरचे बिऱ्हाड : हिवाळ्यातील दीर्घ पायी प्रवासाची पूर्वतयारी

‘प्रवास’ हा शब्द उच्चारताच आज आपल्या डोळ्यांपुढे आगगाडी, तिकीट आणि खिडकीजवळची जागा उभी राहते. परंतु फार जुनी गोष्ट नव्हे, प्रवास म्हणजे चालणे असाच अर्थ होता. पेणजवळच्या वरसई गावचे विष्णुभट गोडसे १८५७ साली आपल्या काकांसह द्रव्यार्जनासाठी उत्तरेकडे निघाले, ते पायीच. वाटेत ते बंडाच्या धामधुमीत सापडले, झाशीचा वेढा त्यांनी डोळ्यांनी पाहिला, मिळवलेले द्रव्य लुटारूंच्या हाती गेले. तरीही गंगाजलाची कावड खांद्यावर घेऊन ते घरी परतले. त्यांचे ‘माझा प्रवास’ हे पुस्तक १९०७ साली प्रसिद्ध झाले. त्या प्रवासाला नकाशा नव्हता, आरक्षण नव्हते. पण सोबत होती, शिदोरी होती, आणि अंगावर किती ओझे घ्यावे याची पारख होती. या तीन गोष्टी आजही पायी प्रवासाचा पाया आहेत.

आमच्या शाळेतील वरच्या वर्गांचे विद्यार्थी दरवर्षी हिवाळा आला की विचारतात, “सर, आम्ही सह्याद्रीत चालत जाऊ का?” या प्रश्नाला ‘जा’ किंवा ‘जाऊ नका’ असे एका शब्दाचे उत्तर देणे सोपे आहे, पण ते शिक्षकाचे उत्तर नव्हे. कसे जावे, किती जावे आणि कोठून परत फिरावे हे हिशेबाने ठरवता येते. तो हिशेब मांडणे हाच या लेखाचा हेतू होय.

हिवाळाच का?

सह्याद्रीत पावसाळा संपला की वाटा वाळतात, शेवाळ जाते, धुके विरळ होते आणि दूरचे डोंगर स्पष्ट दिसू लागतात. झरे व टाकी यांना तोपर्यंत पाणी असते. मार्चनंतर ऊन तापते, गवत करपते, पाणी आटते. म्हणून नोव्हेंबर ते जानेवारी हाच चालण्याचा खरा काळ. हैदराबादच्या विद्यार्थ्यांना संक्रांतीची सुटी याच काळात मिळते, हाही एक योग.

मात्र हिवाळ्याचे दोन दोष ध्यानात ठेवले पाहिजेत. पहिला, दिवस लहान असतो. जानेवारीच्या मध्याला पुण्याच्या परिसरात सूर्योदय सातनंतर आणि सूर्यास्त सव्वासहाच्या सुमारास होतो. म्हणजे उजेडाचे तास अकराच. दुसरा, थंडीत तहान लागल्याचे कळत नाही. घाम वाऱ्याने वाळतो, माणूस पाणी पीत नाही आणि दुपारी डोके दुखू लागते. तेव्हा तहानेची वाट न पाहता दर अर्ध्या तासाने चार घोट पाणी पिण्याची शिस्त हवी.

थंडी किती असेल याचाही अंदाज बांधता येतो. सर्वसाधारणपणे १,००० मीटर उंची वाढली की हवेचे तापमान सुमारे ६.५ अंशांनी उतरते. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच आणि तोरणा सुमारे १,४०० मीटर. फरक ८४० मीटरांचा, म्हणजे साडेपाच अंशांचा. पण वारा पडलेल्या रात्री गार हवा दरीत उतरून बसते आणि पायथ्याचे गावच माथ्यापेक्षा अधिक गारठते. म्हणून ‘खाली राहणार, मग कांबळे कशाला?’ असे कोणी म्हणू नये.

कोठे जावे?

राजगड, तोरणा आणि रायगड या तीन गडांना जोडणारी वाट सह्याद्रीतील पायी प्रवाशांना परिचित आहे. तोरण्यापासून स्वराज्याचा आरंभ झाला. राजगड पंचवीसएक वर्षे राजधानी होता. १६६६ साली आग्र्याहून सुटल्यावर महाराज राजगडालाच परतले. आणि १६७४ साली राज्याभिषेक झाला तो रायगडावर. इतिहासाच्या पुस्तकातील तीन प्रकरणे येथे पायाखालून जातात. २०२५ च्या जुलैमध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या ज्या बारा दुर्गांना जागतिक वारशात स्थान दिले, त्यांत राजगड व रायगड आहेत.

हैदराबादहून वाडी, सोलापूरमार्गे पुणे रेल्वेने सुमारे ६०० किलोमीटर. पुण्याहून नसरापूरमार्गे गुंजवणे या पायथ्याच्या गावी एस.टी.ने जाता येते. तिकडे जाणाऱ्या गाड्या मोजक्याच असल्याने वेळ आधी विचारून घ्यावी. गुंजवण्याहून चोरदरवाज्याने पद्मावती माचीवर चढ. राजगडाला पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी अशा तीन माच्या आणि मध्ये उंच बालेकिल्ला. संजीवनी माचीवरून उतरून एक लांब डोंगरधार तोरण्याच्या बुधला माचीकडे जाते. तोरण्याहून पुढे हारपूड, मोहरी ही घाटमाथ्यावरची गावे. मोहरीजवळच्या रायलिंग पठारावरून समोर लिंगाणा आणि त्यामागे रायगड दिसतो. तेथून बोराट्याच्या नाळेने किंवा सिंगापूरच्या नाळेने कोकणात उतरायचे. ‘नाळ’ म्हणजे कड्यातून उतरणारी दगडगोट्यांची अरुंद घळ. कोकणात उतरून रायगडवाडीच्या बाजूने रायगड चढला की प्रवास पुरा.

या वाटेचे हैदराबादशी एक नातेही आहे, ते भूगोलाच्या विद्यार्थ्यांनी समजून घ्यावे. राजगडाच्या पायथ्याची गुंजवणी नदी नीरेला मिळते, नीरा भीमेला, भीमा कृष्णेला. आणि कृष्णेचे पाणी नागार्जुनसागरावरून आपल्या शहराच्या नळाला येते. घाटाच्या पश्चिमेस पडलेला थेंब मात्र काळ नदीतून सावित्रीत आणि तेथून अरबी समुद्रात जातो. एका डोंगरधारेवर उभे राहून हे दोन्ही उतार पाहणे हा भूगोलाचा धडाच होय.

दिवसांचे माप

येथेच पहिला मोह उभा राहतो. तीनही गड पाहायचे तर चालण्याचे किमान पाच दिवस, जाण्या-येण्याचे तीन आणि एक दिवस राखीव, असे नऊ दिवस होतात. संक्रांतीची सुटी साधारण आठवडाभराची. मग विद्यार्थी काय करतात? राखीव दिवस कापतात, दोन टप्पे एका दिवसात बसवतात आणि कागदावर योजना पुरी करतात. कागद तक्रार करीत नाही, पाय करतात.

माझे मत स्पष्ट आहे. शाळेतील विद्यार्थ्यांनी अनुभवी मार्गदर्शक व शिक्षक यांच्यासह राजगड–तोरणा एवढाच टप्पा घ्यावा. जाण्याचा एक, राजगडाचे दोन, तोरण्याचा एक, राखीव एक आणि परतीचा एक, असे सहा दिवस पुरतात. नाळेची उतरण आणि रायगड हा भाग महाविद्यालयात गेल्यावर करावा. गड साडेतीनशे वर्षे उभे आहेत. आणखी चार वर्षे थांबतील.

वेळेचे गणित

डोंगरात अंतर किलोमीटरांत मोजून भागत नाही. चढही मोजावा लागतो. स्कॉटलंडमधील विल्यम नाइस्मिथ या गिर्यारोहकाने १८९२ साली एक सोपा नियम सांगितला. मेट्रिक मापात तो असा : दर ५ किलोमीटरांना एक तास, आणि दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. हा नियम सशक्त आणि हलक्या ओझ्याने चालणाऱ्या माणसासाठी आहे. खडकाळ वाटेवर, पाठीवर ओझे घेतलेल्या विद्यार्थ्यांच्या तुकडीसाठी येणारे उत्तर दुप्पट करावे.

समजा, वाट १२ किलोमीटर आणि एकूण चढ ६०० मीटर आहे. अंतराचे २ तास २४ मिनिटे, चढाचा १ तास. एकूण ३ तास २४ मिनिटे. दुप्पट केल्यावर ६ तास ४८ मिनिटे. त्यात जेवण व विसावा यांचा एक तास मिळवला की ७ तास ४८ मिनिटे. सकाळी साडेसातला निघालेली तुकडी दुपारी सव्वातीनच्या सुमारास पोहोचेल आणि सूर्यास्ताला तीन तास शिल्लक राहतील. तीच तुकडी ‘जरा ऊन येऊ दे’ म्हणत दहाला निघाली तर पोहोचायला पावणेसहा वाजून जातील. मग मुरगळलेला एक पाय किंवा चुकलेली एक वाट सगळ्यांना अंधारात उभे करील. पहाटे उठण्याचा आग्रह वडील माणसे धरतात, त्याचे कारण या बेरजेत आहे.

आता परत फिरण्याचा प्रश्न. पुष्कळ जण म्हणतात, “अर्धी वाट झाली की ठरवू.” हे चुकीचे आहे. अर्ध्या वाटेवर पुढचे आणि मागचे अंतर सारखेच उरते; तेथे परत फिरून काहीच वाचत नाही. निर्णय चतुर्थांश वाटेवर घेतला पाहिजे. साडेसातला निघून दहा वाजेपर्यंत चतुर्थांश वाट झाली, म्हणजे अडीच तास लागले, तर त्याच गतीने सगळी वाट दहा तासांची होते आणि साडेपाचला, सूर्यास्ताच्या थोडेच आधी, आपण पोहोचतो. दहापर्यंत तेवढीही वाट झाली नाही तर मागे वळावे. अडीच-तीन तासांत आपण मुक्कामी सुखरूप असतो. हा नियम घरी, शांत डोक्याने, लिहून ठेवावा. डोंगरावर समोर शिखर दिसत असताना आणि मित्र ‘चल रे’ म्हणत असताना नियम करता येत नाही. केलेला पाळता येतो, एवढेच.

ओझ्याचा हिशेब

पाठीवरचे ओझे स्वतःच्या वजनाच्या षष्ठांशाहून अधिक नसावे, असा नियम शाळकरी मुलांसाठी मी धरतो. ४५ किलो वजनाच्या विद्यार्थ्याने साडेसात किलो घ्यावे. आता यादी मांडू : पाणी ३ लिटर म्हणजे ३ किलो, पांघरूण व अंथरूण दीड किलो, कपडे १ किलो, शिधा दीड किलो, पिशवी स्वतः १ किलो, विजेरी, औषधे, ताटली, दोरी असे किरकोळ अर्धा किलो. बेरीज साडेआठ किलो. एक किलो जास्त झाले. काय काढावे?

पाणी काढायचे नाही, पांघरूण काढायचे नाही. कपड्यांत एक जोड अंगावर आणि एक रात्रीचा कोरडा जोड पुरतो. अर्धा किलो गेला. तांदूळ-डाळ पायथ्याच्या गावात विकत घेता येते किंवा तेथील घरी पैसे देऊन जेवता येते. आणखी अर्धा किलो गेला. हिशेब जुळला. काय न्यावे याची यादी कोणीही करतो. काय नेऊ नये याची यादी करणारा खरा प्रवासी.

बूट नवे नसावेत. प्रवासाच्या निदान एक महिना आधीपासून तेच बूट व तेच मोजे घालून रोज चालावे. पायाला फोड आला की तुकडीची गती त्या फोडाची गती होते.

शिदोरी

या बाबतीत आपल्या आज्या-पणज्यांकडून शिकण्यासारखे आहे. प्रवासाला दशम्या नेत, कारण पीठ पाण्याऐवजी दुधात भिजवले आणि तेल-तुपाचा हात लावला की त्या दोन-तीन दिवस मऊ राहतात. सोबत शेंगदाण्याची कोरडी चटणी, गूळ, फुटाणे, मेतकूट. संक्रांतीचे दिवस असल्याने तिळगूळ तर हवाच. तीळ, शेंगदाणे आणि गूळ यांच्याइतका लहान जागेत मावणारा आणि दमलेल्याला उभारी देणारा खाऊ दुसरा नाही. आमच्या कोंकणी घरांत सकाळी उकड्या तांदळाची पेज घेऊन माणसे शेतावर जात. गरम, पातळ आणि मिठाची. चालून आल्यावर संध्याकाळी अशी पेज घेऊन पाहा. पाणी, मीठ आणि अन्न ही तिन्ही एका वाटीत मिळतात.

गडावरील टाक्यांचे पाणी दिसायला नितळ असले तरी उकळून किंवा क्लोरीनची औषधी घालूनच प्यावे. चूल शक्यतो गावातच पेटवावी. जानेवारीत गवत वाळलेले असते, एका ठिणगीने डोंगर पेटतो. शिवाय कड्यांवर आग्या मधमाश्यांची पोळी असतात. धूर, अत्तर आणि आरडाओरडा यांनी त्या उठतात. त्यांना दगड मारणे म्हणजे आपल्याच सोबत्यांवर संकट ओढवणे होय.

परवानगी, पैसा आणि घरची माणसे

हे गड संरक्षित स्मारके आहेत. गडावर रात्री राहण्यास त्या वेळी परवानगी आहे की नाही, याची पुरातत्त्व खात्याकडे आधी चौकशी करावी आणि नसल्यास पायथ्याच्या गावी मुक्काम ठेवून योजना आखावी. तोरण्याला मग डोंगरधारेने न जाता वेल्ह्याहून स्वतंत्र चढावे. रेल्वेचे आरक्षण नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवस आधी सुरू होते; म्हणजे जानेवारीच्या प्रवासाचा निर्णय दिवाळीच्या सुमारास पक्का व्हायला हवा.

खर्चाची पाच कलमे करावीत : रेल्वे, एस.टी., जेवण-मुक्काम, वाटाड्या, औषधे. एकूण रकमेवर शेकडा पंधरा राखीव ठेवावेत. पिशव्या, कांबळी, विजेऱ्या नव्या घेण्यापेक्षा उसन्या मिळवाव्यात. तुकडीत ज्याच्या घरची परिस्थिती सर्वांत ओढग्रस्तीची आहे त्याला झेपेल एवढाच खर्च सर्वांनी धरावा; त्याने ‘मला वेळ नाही’ असे खोटे कारण सांगून मागे राहावे, ही गोष्ट तुकडीला शोभत नाही.

पालकांना द्यायचा कागद एका पानाचा असावा. रोजचे निघण्याचे व पोहोचण्याचे ठिकाण, सोबतच्या शिक्षकांचा व मुक्कामाच्या गावातील एका माणसाचा दूरध्वनी, परतीचा दिवस, आणि ‘अमुक वेळेपर्यंत निरोप आला नाही तर कोणाला कळवावे’ हे त्यात स्पष्ट असावे. संकटात ११२ आणि रुग्णवाहिकेसाठी १०८ हे क्रमांक सर्वांना पाठ असावेत. परंतु दऱ्यांत भ्रमणध्वनी चालेलच असे नाही, म्हणून कागदी नकाशा व गावातील वाटाड्या यांना पर्याय नाही. वाटाड्याला ठरलेली मजुरी आदराने द्यावी. तो आपल्यावर उपकार म्हणून नव्हे, तर आपल्या विद्येच्या बळावर चालत असतो.

एक शब्द मुलींच्या पालकांसाठी. निजामाबाद जिल्ह्यातील मालावत पूर्णा या मुलीने २५ मे २०१४ रोजी एव्हरेस्टचे शिखर गाठले, तेव्हा तिला चौदा वर्षेही पूर्ण झाली नव्हती. ती आणि तिचा सोबती आनंद कुमार हे दोघेही सरकारी निवासी शाळांतील विद्यार्थी. त्यांचे पहिले धडे आपल्या भोंगीरच्या खडकावर झाले. मग दार्जिलिंग, मग लडाखची थंडी, आणि शेवटी एव्हरेस्ट. मुलगी आहे म्हणून ती शिखरावर पोहोचली नाही आणि मुलगी आहे म्हणून अडलीही नाही. पायरीपायरीने तयारी झाली म्हणून पोहोचली.

सराव

तो पायरीचा मार्ग आपल्यालाही मोकळा आहे. ऑक्टोबरमध्ये आठवड्यातून चार दिवस पाऊण तास भरभर चालावे. नोव्हेंबरमध्ये दर रविवारी दहा किलोमीटर, पाठीवर अर्धे ओझे घेऊन. डिसेंबरमध्ये पूर्ण ओझ्यासह भोंगीरचा चढ-उतार आणि गोवळकोंडा. गोवळकोंड्याचा बाला हिसार सुमारे १२० मीटर उंच आहे; म्हणजे वरच्या उदाहरणातील ६०० मीटरांचा चढ हा पाच गोवळकोंड्यांएवढा झाला. एकदा चढून धाप लागणाऱ्याने पाच वेळांचा विचार घरीच करावा. या सरावात तुकडीतील सर्वांत हळू चालणारा कोण, हे कळते. प्रवासात त्यालाच पुढे ठेवावे आणि सर्वांत बळकट माणसाने शेवटी चालावे. असे केले की कोणी मागे राहत नाही आणि कोणाला लाज वाटत नाही.

गो. नी. दांडेकरांनी सह्याद्रीचे गड आयुष्यभर पायांखाली घातले आणि ‘दुर्गभ्रमणगाथा’ लिहिली. ती विद्यार्थ्यांनी निघण्यापूर्वी अवश्य वाचावी. कारण गडावर काय पाहावे हे ठाऊक नसेल तर तेथे केवळ दगड आणि वारा भेटतो. आणि गडावर आपले नाव कोरू नये, कचरा टाकू नये, हे आमच्या विद्यार्थ्यांना वेगळे सांगावे लागू नये.

विद्यार्थिमित्रहो, साहस आणि अविचार यांची वस्त्रे दुरून सारखीच दिसतात. जवळ गेल्यावर फरक कळतो : साहसाच्या खिशात वेळेचा, ओझ्याचा आणि परतीचा हिशेब असतो. तो हिशेब करायला शिकलात, तर पाठीवरचे बिऱ्हाड तुम्हांला पुढे पुष्कळ दूर नेईल.

स्वाध्याय

१. वाट ८ किलोमीटर व चढ ९०० मीटर असल्यास विद्यार्थ्यांच्या तुकडीला, एक तासाच्या विसाव्यासह, किती वेळ लागेल? सूर्यास्तापूर्वी दोन तास पोहोचायचे तर केव्हा निघावे?

२. स्वतःच्या वजनाचा षष्ठांश काढा व आपल्या ओझ्याची यादी वजनांसह करा. काढून टाकलेल्या तीन वस्तू व कारणे लिहा.

३. नकाशात गुंजवणीपासून नागार्जुनसागरापर्यंत पाण्याचा मार्ग रेखाटा.

४. घरातील वडील माणसांना त्यांनी किंवा त्यांच्या आईवडिलांनी केलेल्या पायी प्रवासाविषयी विचारा व एक पान लिहा.